खांबावरची पेटी

५ मार्च

महाशय,

हे पत्र समेटाचं नाही. ते पहिल्याच ओळीत सांगून टाकते, नाहीतर पाकीट नाचवत बायकोला "ताई नरमली" म्हणून सांगायला जाल आणि तोंडघशी पडाल. मला रेडिओसाठी, अँटेनात येणारा क्षीण आवाज वाढवणारा, एक प्रीअँप घ्यायचा आहे, आणि त्यातलं कळणारा माझ्या माहितीतला माणूस दुर्दैवाने एकच आहे. दात दुखायला लागला की दंतवैद्याशी आपलं जमतं की नाही हे कुणी बघत नाही. तसंच हे समजा.

अडचण अशी. माझा खांब चौदा मीटर उंच आहे, अँटेना जागच्या जागी आहे, केबल दोन वर्षांपूर्वी नवी घातली. तरी दोन मीटरच्या बँडवर लांबचं काही ऐकू येत नाही. डोंगरावरचा तो बीकन, जो दिवसभर मोर्समध्ये स्वतःचंच नाव सांगत बसतो, तोसुद्धा नाही.

हे लक्षातही आलं नसतं, पण परवा बेकरीवाला आला. तुम्हाला आठवत असेल, आपल्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात मागच्या खुर्चीवर बसून डुलक्या काढणारा. त्याने बेकरी विकली, पण पहाटे तीनला उठायची सवय गेली नाही, म्हणून आता रेडिओ ऐकतो. त्याची अँटेना म्हणजे बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीला बांधलेल्या दोन सळया. तो मला म्हणतो, "बाई, बीकन काय खणखणीत येतोय हो सध्या!" मी त्याला आत नेऊन माझा रेडिओ लावून दाखवला. नुसती खरखर. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मला कुणी शिव्या दिल्या तर चालतात, कीव चालत नाही.

दुकानदाराने तीन प्रकार दाखवले. एक टेबलावर ठेवायचा, तीस डेसिबल गेनचा, म्हणजे आवाज तेवढा वाढवणारा. एक खांबावर लावायचा, अठरा डेसिबलचा, आत फिल्टर वगैरे. तिसरा स्वस्त, त्याच्याबद्दल दुकानदार स्वतःच गप्प होता. तीस हे अठरापेक्षा जास्त, एवढं गणित मला येतं. शिवाय टेबलावरचा असला की खांबावर कुणाला चढवायला नको. तर तीसवाला घ्यावा ना?

खांबावर तुम्ही बनवलेली जुनी प्रीअँपची पेटी अजून आहे. ती म्हातारी झाली असावी. तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

उत्तर पोस्टकार्डावर चालेल.

कळावे. लोभ असावा असा आग्रह नाही.

(नात्याने) थोरली बहीण

१६ मार्च

श्री. धाकटे बंधू यांस,

कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही, मध्ये तेरा शब्द: "गेन बघू नकोस. नॉइज फिगर बघ. टेबलावर नको, खांबावर. जुनी पेटी आधी उघड." तार पाठवायची सोय असती तर तीच केली असतीस.

मी तुला मानाने "तुम्ही" लिहिलं, आणि तू सरळ "बघू नकोस". ठीक आहे. मीही "तू" वर येते. रागवायला तेच सोयीचं.

पण मला एक गोष्ट आवडत नाही, आणि ती तुला लहानपणापासून माहीत आहे. मी प्रश्न विचारला की कारणासकट उत्तर हवं. शाळेत सिस्टर नुसतं "करू नका" म्हणायच्या तेव्हासुद्धा मी हात वर करायची आणि वर्गाबाहेर उभी राहायची. त्यामुळे तुझं कार्ड यायच्या आधीच मी तीसवाला घेऊन आले होते, आणि कार्ड वाचूनही तो परत केला नाही.

आता काय झालं ते सांगते. हसलास तर मला कळेल.

तीसवाला लावला आणि रेडिओ एकदम जिवंत झाला. सुई टोकाला. मला वाटलं, जिंकले. मग कान देऊन ऐकलं. चौकापलीकडच्या मनोऱ्यावरची टॅक्सी कंपनी! बँडवर कुठेही जा, एक बाई ड्रायव्हरांना झापते आहे. "सतरा नंबर, पाहुणे गेटवर उभे आहेत. सतरा नंबर, कुठल्या गेटवर ते मला विचारू नका, खाली उतरून बघा." मधूनमधून हवामानाचं बातमीपत्र. बीकनच्या जागी बीकन नाही, सतरा नंबर. मी तासभर ऐकत बसले. ती बाई आपल्या कामात चोख आहे. पण मला ती नको होती.

आणि तुझं ते नॉइज फिगर मी दुकानदाराकडून समजून घेतलं. प्रीअँप स्वतःची खरखर किती मिसळतो त्याचं ते माप. हे त्याने सांगितलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. चौतीस वर्षं वजनमापं खात्यात मी सोनारांचे काटे तपासले. काटा किती मोठं वजन उचलतो हे कुणी सोनार सांगायला लागला की मी म्हणायची, ते राहू दे, रिकामा असताना तो स्थिर राहतो का ते दाखव. जो स्वतःच डुलतो, त्याच्यावर ग्रॅमचा दहावा भाग कसा तोलणार? आणि तीच मी, मोठा आकडा बघून भुलले.

तीसवाला खोक्यात परत गेला आहे.

जुनी पेटी उघडायचं नंतर बघू. खांबावर चढायला माणूस मिळत नाही.

थोरली

२८ मार्च

धाकट्या,

दुसरं कार्ड मिळालं. या खेपेला कारणं दिलीस, त्याबद्दल आभार. वाटेत केबलमध्ये जे सांडतं ते खाली कितीही वाढवलं तरी भरून येत नाही, हे पटलं. म्हणून खांबावरचा. सगळ्यांना आत घेणारा प्रीअँप शेजारच्या मनोऱ्यालाही आत घेतो, हेही पटलं. म्हणून फिल्टरवाला. अठरावर समाधान मानते. दुकानदार मागवून देतो आहे.

शेवटची ओळ: "जुनी पेटी उघडलीस का?"

नाही उघडली. माणूस मिळत नाही म्हणून सांगितलं ना. एक रंगारी आहे, उंच इमारती रंगवतो, पण त्याचं काम चालू आहे. शिवाय नवा येणारच आहे, मग मेलेल्याची चौकशी कशाला? तू इतका हट्टाला का पेटला आहेस?

की कारण मलाच माहीत आहे?

तर मग बोलूनच घेऊ. सात वर्षं झाली. तू तंबू घेऊन त्या लांबच्या डोंगरावर गेला होतास, मी इथे टेबलाशी. साडेसहाशे किलोमीटर, दोन मीटरवर, मोर्समध्ये. क्लबात कुणी तेवढं केलं नव्हतं. पहाटे हवा चांगली होती. ठरल्या वेळी मी तुला बोलावलं. वीस मिनिटं बोलावलं. तुझ्याकडून एक टिंबसुद्धा आलं नाही.

मग क्लबाच्या सभेत तू उभा राहून सांगितलंस की तू मला ऐकलंस, प्रत्येक वेळी उत्तर दिलंस, वहीत सगळं उतरवलं आहेस, आणि बिघाड माझ्या बाजूला असणार. माझ्या बाजूला! मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी जे पाठवते ते याला पाठ आहे, घरी बसूनही वहीत उतरवता येतं. हा तंबूत झोपला असेल." लोक हसले. तू विचारलंस, "ताई, पेटीबरोबर दिलेली डबी लावली होतीस ना?" मी म्हणाले, "डबी टेबलावर आहे. या आणि बघा." दोघं-तिघं खरंच येऊन बघून गेले. डबी होती.

दुसऱ्या शनिवारी तू नवशिक्यांच्या वर्गाला आलास तेव्हा फळ्यावर कुणीतरी उशी काढली होती. तू ती पुसलीस, वर्ग घेतलास, आणि परत कधी आला नाहीस. क्लबात नाही, आणि माझ्या घरीही नाही.

एवढंच मला माहीत आहे.

ता. क. बेकरीवाला म्हणतो, दर रविवारी सकाळी सातला तू डोंगरावरच्या नव्या घरातून सर्वांना बोलावतोस. त्याला दोन सळयांवर छान ऐकू येतोस म्हणे. मला तुझं ऐकायचं नाही. मला बीकन ऐकायचा आहे.

थोरली

९ एप्रिल

धाकट्या,

रंगारी आला. नको म्हणायच्या आत चढलासुद्धा. वरून ओरडला, "आजी, हे घट्ट बसवलंय कुणी? माझ्या बापाने दार बसवलं असतं तर असं बसवलं असतं!" आजी म्हटल्याबद्दल त्याला दोन शब्द सुनावले, आणि मग चहा दिला.

पेटी जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र घालून ठेवली. दोन दिवस तिथेच जेवले, शेजारी. तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्याला त्याचं मीटर घेऊन बोलावलं.

झाकणाचं रबर अजून मऊ आहे. आत पाण्याचा थेंब गेलेला नाही. तू तारा दोऱ्याने बांधल्या आहेस, गाठींसकट, आईने शिवणाच्या डब्यात रिळं लावून ठेवावीत तशा. मी म्हातारी म्हणत होते तिला. ती माझ्यापेक्षा ठणठणीत दिसते.

फक्त तो एक ट्रान्झिस्टर, तांदळाच्या दाण्याएवढा. कसं मोजायचं ते तू मधल्या कार्डावर लिहिलंस, तसं बेकरीवाल्याने मोजलं. पहिल्यांदा मोजलं, मग चष्मा पुसून परत मोजलं.

"हा गेलाय, बाई."

"कधी गेला असेल?"

"ते मीटर कसं सांगणार? पाव शिळा आहे एवढं कळतं, कुठल्या दिवशीचा ते चव घेऊन पण सांगता येत नाही मला." मग मीटर पिशवीत ठेवत म्हणाला, "पण तुम्ही बीकन शेवटचा कधी ऐकला होता?"

मी त्याला म्हटलं, तुझं दूध तापवायचं राहिलं असेल, घरी जा.

आता तुला विचारते, आणि कारणासकट उत्तर हवं. ट्रान्झिस्टर वयाने मरतो का? विजेने मरतो? आमच्याकडे मागच्या वर्षी मोठं वादळ झालं होतं. त्यात गेला असेल, नाही का? तसं असेल तर तसं स्पष्ट लिही. मला बरं वाटेल.

थोरली

१५ एप्रिल

टकटक्या,

कार्ड मिळालं. "ताई, वीज पडली असती तर आजूबाजूचं सगळं काळं झालं असतं. वयाने असा जात नाही. डबी वगळून बटण दाबलं तर जातो. एकदाच पुरतं."

सात वर्षांत पहिल्यांदा "ताई" लिहिलं आहेस. सवयीने लिहिलं असशील. तरी मी कार्ड घड्याळाच्या मागे ठेवलं आहे.

खाली लिहिते आहे ते मला कुणाला सांगायचं नव्हतं. बसून वाच.

तू पेटी दिलीस तेव्हा बजावलं होतंस. बोलायचं बटण दाबलं की आधी ही डबी वरच्या पेटीला बाजूला करते, आणि मग डोळ्याची पापणी लवेल एवढ्या वेळाने रेडिओला ताकद सोडू देते. आधी कान झाकायचा, मग ओरडायचं. नाहीतर आपलाच आवाज आपल्या कानाचा पडदा फाडतो. मी म्हणाले, कळलं.

पण त्या थांबण्याने माझं पहिलं अक्षर कापलं जायचं. मोर्सची किल्ली दाबली की सुरुवातीचं टिंब गायब. मला ते सहन होत नव्हतं. मला थांबायला लावलेलं कधीच सहन झालेलं नाही. तू डोंगरावर चढत होतास त्या संध्याकाळी मी डबी काढली आणि तारा एकमेकींना सरळ जोडल्या. साडेसहाशे किलोमीटरवर तुला माझं पहिलं अक्षर पूर्ण मिळावं म्हणून. हे बहाणा म्हणून लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहिते.

पहाटे बटण दाबलं. पहिल्याच दाबाला तो तांदळाचा दाणा मेला असणार. माझा आवाज अँटेनातून तुझ्याकडे गेला, तुझा माझ्याकडे यायचा रस्ता बंद झाला. मी वीस मिनिटं तुला हाका मारत होते आणि तू वीस मिनिटं उत्तर देत होतास.

दुपारी मी डबी परत लावली. का लावली? मला शंका आली नव्हती असं लिहायला गेले, दोनदा लिहून खोडलंही. आली होती. सभेत "या आणि बघा" म्हणताना मला माहीत होतं की पहाटे ती तिथे नव्हती. त्यामुळे पेटी मेली हे माहीत नव्हतं, पण विचारलंस त्याचं खरं उत्तर माहीत होतं. चाळीस लोकांसमोर, ज्या बाईने जन्मभर दुकानदारांची खोटी वजनं जप्त केली ती धाकट्या भावाला म्हणाली, झोपला असशील. फळ्यावरची उशी मी तुझ्या आधी पाहिली होती. पुसायचा कपडा हाताशी होता. मी हसले होते.

काल माझी नोंदवही काढली. त्या तारखेच्या आधीचं पान: तीनशे किलोमीटर, चारशे वीस, दोनशे ऐंशी. त्या तारखेनंतर सात वर्षांत साठ किलोमीटरच्या पलीकडचं एकही नाव नाही. एकही. आणि मी काय समजत होते? लोक आळशी झाले, हल्ली मोर्स कुणाला येत नाही, जमाना बिघडला. क्लबाच्या पत्रिकेत मी लेख लिहिला होता, "बँड ओसाड का पडला?" चार पानांचा. बँड भरलेला होता. मी बहिरी होते, आणि बाकीच्यांना मुके म्हणत होते.

तू सात वर्षांपूर्वीच ओळखलं होतंस ना? म्हणूनच दर कार्डावर ती एक ओळ. तू स्वतः सांगू शकला असतास. मला उघडायला लावलंस. या गोष्टीचा राग यायला हवा होता. तो कुठे गेला कळत नाही.

आणखी एक. त्या वर्षी तुझ्या बायकोचं पत्र आलं होतं. मी न उघडता परत पाठवलं. त्यात काय होतं ते तिला विचारायचा मला हक्क नाही. पण ते मी वाचायला हवं होतं, एवढं तिला सांग.

ताई

२२ एप्रिल, रविवार

टकटक्या,

तीन गोष्टी घडल्या. क्रमाने सांगते.

गुरुवारी अठरावाला आला. दुकानदार म्हणाला, "बाई, यात वेळ सांभाळणारी सोय आतच आहे, तुमची ती डबी आता नको." मी म्हटलं, राहू दे, दोन्ही असतील. तो हसला. त्याला काय माहीत, तो कुणाला विकतो आहे. रंगाऱ्याने वर बसवला आणि या खेपेला मला "मॅडम" म्हणाला.

काल क्लबाची सभा होती. विषयपत्रिकेवर वर्गणी आणि पंख्याची दुरुस्ती. मी उभी राहिले आणि आधीच्या पत्रात तुला लिहिलं ते सगळं सांगितलं, डबीसकट. वाचून नाही, तोंडाने. मग चिटणीस म्हणाले, "जाऊ द्या हो बाई, इतकं जुनं आता कशाला उकरायचं?"

मी म्हटलं, "कारण तेव्हा तुम्ही हसला होतात. ते आधी परत घ्या, मग जाऊ देते."

बेकरीवाला मागच्या खुर्चीवर चक्क जागा होता. तो म्हणाला, "मीही हसलो होतो." मग आणखी दोघं म्हणाले. उशी कुणी काढली होती ते मात्र कुणी कबूल केलं नाही. अक्षर मला ओळखता येतं, पण उशीला अक्षर नसतं.

सभेच्या इतिवृत्तात माझ्या म्हणण्याची नोंद घ्यायला लावली. प्रत सोबत आहे. चिटणिसांनी "गैरसमज" लिहिलं होतं. मी ते खोडून "खोटा आरोप" लिहायला लावलं.

तिसरी गोष्ट आज सकाळची. पावणेसातला बसले. आधी बीकन लावला. आला. स्वतःचं नाव सांगत होता बिचारा, सात वर्षं सांगत असल्यासारखा. टॅक्सीवाली कुठेच नव्हती. मग तुझ्या जागेवर गेले.

सातला एक मिनिट कमी असताना तू आलास. आधी मला वाटलं, खरखरीत मीच काहीतरी बनवते आहे. मग तुझा हात ओळखला. रेघा तू अजून जरा लांब ओढतोस, जेवताना चमच्याने ताटावर टकटक वाजवायचास आणि बाबा ओरडायचे तेव्हापासून. आवाज बारीक होता, पण एकूण एक अक्षर कळलं. सूर स्वच्छ. हा अहवाल खरा आहे. वाढवून दिलेला नाही.

तू सर्वांना बोलावत होतास. बोलावून झाल्यावर किती वेळ गप्प राहून ऐकतोस रे! मी घड्याळ लावलं, चाळीस सेकंद. कुणी उत्तर देत नाही, मग परत बोलावतोस, परत चाळीस सेकंद. अकरा मिनिटं असं चाललं. मग बेकरीवाला आला आणि तुम्ही दोघं हवेबद्दल बोललात.

त्या अकरा मिनिटांत माझा हात किल्लीवर होता. मी दाबली नाही.

दाबली असती तर तू उत्तर दिलं असतंस. तू कुणालाही देतोस. मग मी तुला सिग्नल कसा आहे ते सांगितलं असतं, तू मला सांगितलं असतंस, हवा कशी आहे ते बोललो असतो, आणि रविवारचं तेवढ्यावरच भागलं असतं. पंधरा तारखेचं ते पत्र, जे लिहून झाल्यापासून टपालात न टाकता टेबलाच्या खणात पडलं आहे, ते तिथेच राहिलं असतं. मी स्वतःला चांगली ओळखते. म्हणून ते आणि हे, दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे. उद्या सकाळी टपाल कचेरी उघडली की पहिली मी असेन.

बुधवारपर्यंत तुला मिळेल. सगळं वाच, तुझ्या बायकोलाही वाचू दे. तिचं मत आधी विचार, ते तुझ्यापेक्षा बरं असतं.

त्यानंतरच्या रविवारी सातला मी इथे असेन. तू बोलावलंस की तुझे चाळीस सेकंद सुरू होतील, आणि त्यात माझं नाव येईल. मग उत्तर द्यायचं की नाही ते तू ठरव. नाही दिलंस, तर बिघाड शोधण्यासाठी खांबावरून काही उतरवायला मी रंगाऱ्याला बोलावणार नाही.

ताई